चालू म्हणजे पुरे

लातूरला आमच्या लहानपणी साऊथ इंडियन म्हणजे उडपी, विषय संपला. वडील मूडमध्ये असले की गंजगोलाईतनं येताना एका उडप्याकडे न्यायचे, तिथला मसाला डोसा, गुळाच्या चवीचं सांबार, ओल्या खोबऱ्याची पांढरीफटक चटणी. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की तिकडे खाली दक्षिणेत सगळे लोक तापातून उठलेल्या माणसासारखं मऊमऊ खातात, आणि तिखट खायचं खातं देवाने आमच्या मराठवाड्याकडे, कोल्हापूरकरांकडे आणि नागपूरच्या सावजीवाल्यांकडे दिलंय. (त्यातलं कोल्हापूरचं तिखट निम्मं जाहिरातीतलं असतं असं माझं प्रामाणिक मत आहे, भांडायला या.)

तर २०१४ साली नोकरीसाठी बंगळुरूला आलो आणि पहिली रूम मिळाली मारतहळ्ळीला. नाव ऐकून आधी बरं वाटलं, म्हणलं मराठ्यांचं गाव दिसतंय, पण तिथले लोक त्या नावाची वेगळीच गोष्ट सांगतात, एचएएलने बनवलेल्या मारुत विमानावरून पडलं म्हणे. खरंखोटं देव जाणे. मराठी माणूस मात्र शोधावा लागायचा, आणि तेलुगू माणूस शोधावा लागायचा नाही. रस्त्यात उभं राहून कुठेही खडा मारला तर एकतर पीजीच्या पाटीला लागणार नाहीतर आंध्रा मेसच्या. आमच्या टीममध्ये नऊ जण, त्यातले पाच तेलुगू, आणि त्याच जूनमध्ये तेलंगणा वेगळं राज्य झालेलं, त्यामुळे पाचांचेही दोन पक्ष. एक विजयवाड्याचा, एक गुंटूरचा, एक नेल्लोरचा आणि दोघं वरंगळचे. दिवसभर कुणाचं पाणी कुणी पळवलं यावर वाद आणि बरोबर पाऊण वाजता सगळे एकमुखाने, "मील्सला जायचं ना?"

ती मेस एका मोबाइलच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. नाव सांगत नाही, सांगितलं तरी सापडणार नाही, तशा पन्नास आहेत. जिन्यातच लाइन. वर गेलं की गल्ल्यावर पैसे भरून टोकन घ्यायचं आणि मग टेबल रिकामं व्हायची वाट बघायची नाही, जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. मला पहिल्यांदा ते फार विचित्र वाटलं, आपल्याकडे पंगतीत मागे कुणी उभं राहिलं तर घास उतरत नाही, इथे पुढचा माणूस निवांत ताक पितोय आणि मागचा त्याच्या पानात वाकून बघतोय की अजून किती राहिलंय. पुढचा उठला की बसायचं, पोऱ्या येऊन पान गुंडाळून नेतो, फडकं मारतो, नवीन केळीचं पान टाकतो, त्यावर आपणच हाताने पाणी शिंपडून पुसायचं. आणि मग बादल्या घेऊन माणसं सुरू होतात.

वाढणाऱ्यांमध्ये एक म्हातारा होता, पन्नाशी-साठीचा, पांढरी लुंगी, खांद्यावर टॉवेल, कपाळाला आडवं गंध. सगळे त्याला बाबाई म्हणायचे. मला वाटलं बाबा आणि बाई मिळून काहीतरी आहे, नंतर कळलं बाबाई म्हणजे काका, वडलांचा धाकटा भाऊ. मालक गुंटूरकडचा आणि बाबाई कर्नूलचा. त्याचं हिंदी मराठीसारखं होतं, म्हणजे आपलं असतं तसं, लिंगबिंग सगळं माफ.

भात पडला. भाताचा डोंगर. त्यावर बाबाईने एक लालसर भुकटी टाकली आणि तुपाचं भांडं घेऊन ओतायला लागला. माझ्या शेजारी विजयवाड्याचा बसलेला, त्याच्या भातावर तूप पडत होतं आणि तो हात आडवा करून म्हणाला, "चालु, चालु." मी बघितलं. म्हणलं काय मस्त माणसं आहेत, चालू राहू दे म्हणतायत. माझा नंबर आला, एक चमचा पडला, मी पण तोंडभर हसून म्हणलं, "चालू, चालू!" बाबाई थांबला. पुढे गेला. मी परत बोलावलं, "अन्ना, चालू!" त्याने मान हलवली, हो हो कळलं, आणि अजून पुढे गेला. पापड आला, माझं चालू. भेंडीची भाजी आली, माझं चालू. अख्ख्या पंगतीत सगळ्यात कमी वाढलेलं पान माझं, आणि मी मनातल्या मनात त्या मेसला शिव्या घालतोय की नावाला अनलिमिटेड. अर्धं जेवण झाल्यावर वरंगळवाल्याच्या लक्षात आलं. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बास. तो हसून हसून टेबलावर पडला आणि मग त्याने ते बाबाईला सांगितलं, बाबाईने गल्ल्यावरच्याला सांगितलं, आणि पुढची चार वर्षं मी तिथे गेलो की बाबाई लांबूनच ओरडायचा, "चालु अन्ना आला!"

असो. तिखटाचं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. बोलता बोलता म्हणून गेलो की आम्ही ठेच्यावर वाढलेली माणसं आहोत, येसरच्या आमटीवर तेलाचा तवंग असल्याशिवाय आम्ही भाकरी मोडत नाही वगैरे. गुंटूरवाला काही बोलला नाही, शांतपणे चिली चिकन मागवलं. मला वाटलं चायनीज गाडीवरचं लाल चिकट असेल. आलं ते हिरवट, कोरडं, कढीपत्त्यात लोळवलेलं, आणि त्यात हिरव्या मिरच्या अशा घातलेल्या की ती भाजी मिरच्यांची आणि मसाला कोंबडीचा. पहिला तुकडा छान लागला. खरंच छान, लसूण, मिरी, लिंबू. दुसरा पण. मी म्हणलं हे तर काहीच नाही. आणि मग कानातून सुरू झालं. जिभेवर नाही हां, कानात. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, मग डोक्याच्या मधोमध घाम, मग उचकी. ठेच्याचं तिखट कसं, समोरून येतं, कानफटात देतं आणि निघून जातं, हे मागच्या दाराने आलं आणि खुर्ची घेऊन बसलं.

मी पाणी प्यायलो. एक ग्लास, दोन ग्लास. समोर टीममधले दोघं तेच चिकन खात चंद्राबाबूंवर भांडत होते, त्यांनाही घाम होता पण तो जेवणाचा भाग असल्यासारखा ते बाहीने पुसत होते. तिसरा ग्लास उचलला तेव्हा बाबाईने येऊन तो हातातून काढून घेतला, सरळ लांब ठेवला, पानात मूठभर कोरा भात टाकला, त्यावर दोन चमचे तूप, आणि बोटाने खूण केली, खा. त्यानंतर दह्याची वाटी. पाचेक मिनिटांत माणसात आलो.

हे त्याला कुणी शिकवलं असेल असं नाही, पण शास्त्र अगदी तेच आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तुपातेलात विरघळतं, दुधादह्यातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून घेऊन जातं. पाणी प्यायलं की ते फक्त तोंडभर फिरतं. आणि तिखट ही चव नसतेच मुळात, ती भाजल्याची सूचना आहे. आपल्या नसांवर एक रिसेप्टर असतो, साधारण ४३ डिग्रीच्या वर गरम काही लागलं की तो बोंब मारतो, आणि कॅप्सायसिन त्याच दारावर जाऊन टकटक करतं, म्हणून मेंदूला वाटतं तोंडात आग लागली. डेव्हिड ज्युलियस नावाच्या माणसाच्या लॅबने १९९७ मध्ये हा रिसेप्टर शोधला आणि २०२१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा बाबाईच आठवला. त्याला त्यातला निदान तुपाएवढा वाटा द्यायला हरकत नव्हती.

तर त्या दिवसानंतर बाबाईने मला हातात घेतलं. कारण मी दुसराही गुन्हा करायचो, सगळं एकदम कालवायचो. आपली सवय, वरण-भात-भाजी-लोणचं, मधोमध आळं आणि कालवा काला. बाबाईला ते बघवायचं नाही. भाताचा डोंगर फोडायचा नाही, कडेने एक घासापुरता भात ओढायचा. पहिला भात भुकटी आणि तुपाचा. दुसरा पप्पूचा, पप्पू म्हणजे डाळ, अगदी घट्ट, आपल्या वरणापेक्षा घट्ट, त्यात तूप आणि बाजूला आवकाय, म्हणजे मोहरीच्या पुडीतलं कैरीचं लोणचं. तिसरा पुलुसूचा, म्हणजे चिंचेची आंबट आमटी. मग चारू, रसम म्हणा. शेवटी दही. एक भात संपवून त्याची चव जिभेवरनं उतरायच्या आधी दुसरा सुरू करायचा नाही. मला आधी वाटलं हा सोवळ्याचा प्रकार आहे, पण चार-पाच वेळा तसं जेवल्यावर लक्षात आलं की तिखट कमी केलेलंच नसतं, ते फक्त एका बाजूने तुपात धरलेलं आणि दुसऱ्या बाजूने दह्यात. मधे आंबट. पहिल्या घासाला जीभ चटकते आणि शेवटच्याला गप्प होते. मी मात्र चिकनपासून सुरुवात करून तुपापर्यंत उलटा प्रवास केलेला.

मिरची तशी सगळ्यांकडेच पाहुणी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली, अमेरिकेतनं, त्याआधी तिखट म्हणजे मिरी. आपण मिरीवरून मिरची म्हणलं, तेलुगूवाले मिरीला मिरियालु म्हणतात आणि मिरचीला मिरपकाय, म्हणजे दोघांनीही नवीन सुनेला जुन्याच सासूचं नाव लावलं. पण गुंटूरने तिला जे घरात घेतलं ते वेगळंच. गुंटूरवाला सांगायचा, त्यांच्याकडे मिरचीच्या यार्डात सीझनला पोत्यांच्या भिंती असतात आणि नवीन माणूस गेटवरच शिंकायला लागतो, जुन्याला काही होत नाही. गुंटूर सन्नम मिरचीला जीआय टॅग आहे. कर्नाटकातल्या ब्याडगीलाही आहे, पण ती सुरकुतलेली, रंगाची, तिखटपणा बेताचा. मेसमध्ये दोन्ही वापरत असणार, भुकटीचा रंग एकीचा आणि कानाच्या पाळ्या दुसरीच्या.

त्या भुकटीबद्दल सांगतो. ती कंदी पोडी. पहिल्या दिवशी चालूच्या गोंधळात नीट लक्ष गेलं नव्हतं, पण नंतर एकदा गरम भातावर तूप पडलं आणि तिचा वास वर आला आणि मी एकदम लातूरच्या मोंढ्यात. वडील आडतीवर मुनीम होते, शाळा सुटली की मी तिथे जाऊन पोत्यांवर लोळायचो, आणि शेजारी डाळ मिल, तिथनं तुरीचा गरम, धुळकट, खमंग वास यायचा, तो वडलांच्या शर्टाला संध्याकाळपर्यंत असायचा. मी बाबाईला विचारलं कंदी म्हणजे काय. तो म्हणाला पप्पू. मग पप्पू म्हणजे काय, तर डाळ. कुठली डाळ, तर कंदी. असं दहा मिनिटं गोल फिरून शेवटी तो आत गेला आणि मूठ भरून घेऊन आला. तूर. तुरीची डाळ भाजून, त्यात लाल मिरच्या, जिरं, लसूण, मीठ, कुटलं की झालं. लातूर तुरीवर जगतं आणि आम्ही तिचं फक्त वरण करत बसलो. ही चटणी आमच्याकडे का नाही याचं मला आजही वाईट वाटतं. जवसाची आहे, कारळाची आहे, शेंगदाण्याची आहे, दारात पोती पडलेली असून तुरीची नाही.

पण त्याहून मोठा धक्का गोंगुराचा.

गोंगुरा गोंगुरा सगळे नावाजायचे. तेलुगू माणूस गावाकडनं आला की बॅगेत गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी, आणि ती बरणी ऑफिसात उघडली की जणू प्रसाद. विजयवाडा आणि वरंगळ पक्षांचा गोंगुरा खरा कुणाचा यावरही वाद होता. मी शाकाहारी दिवस असला की जे येईल ते जेवायचो, एका मंगळवारी पप्पू हिरवट-काळपट आला, आंबट वास. घास घेतला. हात थांबला. दुसरा घास घेतला, खात्री करायला. म्हणलं, अरे ही तर आंबाडी आहे!

आंबाडी. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा असायची ती. पानं उकडून, पाणी पिळून काढून, त्यात ज्वारीच्या कण्या आणि थोडी डाळ, घोटून गोळा करायचा आणि वरनं लसणाची चरचरीत फोडणी, ज्वारीची भाकरी. कांड्यांचे दोर वळतात. कुणी पाहुणा यायचा असला की आई ती भाजी करायची नाही, आत ठेवून द्यायची, पाहुण्यांपुढे बटाटा. पुण्याला शिकायला होतो तेव्हा एकदा डब्यात दिली होती, गावाकडून येणाऱ्या एसटीत ठेवून पाठवलेला डबा, तर रूमवरच्या एकाने झाकण उघडून विचारलं हे कुठल्या जनावराचं आहे. सगळे हसले, मी पण हसलो. आणि आईला फोनवर सांगितलं की आंबाडी टिकत नाही गं, नको देत जाऊ. तिने दिली नाही परत.

आणि इथे लोक खुर्चीमागे उभे राहून तिच्यासाठी थांबलेले. एसी ऑफिसातली, गळ्यात आयडी लटकवलेली, अमेरिकेला जाऊन आलेली माणसं बोटं चाटत होती आणि कुणालाच त्यात काही कमीपणाचं आहे असं वाटत नव्हतं. मी त्या दिवशी पप्पू तीनदा मागितला. चालू म्हणलो नाही.

मग मी वाचलं-विचारलं. ऑफिसात धारवाडकडची एक मुलगी होती, ती म्हणाली त्यांच्याकडे हीच पुंडी, पुंडी पल्ले, आणि तीही ज्वारीच्या भाकरीबरोबरच. म्हणजे लातूर, धारवाड, कर्नूल, गुंटूर, सगळ्या काळ्या मातीत ही उगवते आणि प्रत्येक गावाला वाटतं आपलीच. तेलुगूत दोन जाती सांगतात, पांढरी आणि लाल देठाची, लाल जास्त आंबट. आम्ही लाल-पांढरी कधी केलं नाही, आमच्याकडे आंबाडी म्हणजे आंबाडी.

आई बंगळुरूला आली ती पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर. यशवंतपूरच्या गाडीने, रात्रभर बसून, बरोबर दोन पिशव्या. मी दुसऱ्याच दिवशी तिला मेसला नेली. खरं तर भीती होती, जिना, लाइन, खुर्चीमागे उभं राहणं. ती खुर्चीमागे उभी राहिली ती इतकी सहज की मीच बघत बसलो, पुढच्याला म्हणाली, "जेवा जेवा दादा, सावकाश, घाई नाही आम्हाला," आणि तो मराठी न कळता "ओके आंटी" म्हणाला.

मी मुद्दाम सांगितलं नव्हतं काय आहे ते. बाबाईने भात वाढला, भुकटी, तूप. तिखट तिला काहीच वाटलं नाही, नाक पुसलं पदराने, म्हणाली, "बरंय की, तुरीचीच दिसतीय." मग पप्पू आला. तिने बोटाने थोडा घेतला, जिभेवर ठेवला, आणि माझ्याकडे बघितलं.

"आंबाडी हाय रे ही."

"हो."

"कण्या नाही घातल्या ह्यांनी." अजून एक घास. "आन् भातासंगं कशी खातेत? बेचव नाही लागत?"

मी काही बोलायच्या आत तिने खाली वाकून पिशवी उघडली, फडक्यातनं प्रवासातली उरलेली भाकरी काढली. दोन दिवसांची, कडक झालेली. भर गर्दीत, आंध्रा मेसच्या केळीच्या पानावर. मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी म्हणणार, बाहेरचं खायला मनाई आहे अशी पाटी होती समोरच, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीत. मी दबक्या आवाजात म्हणलं आई ठेव ना. ती मोडत होती.

बाबाईने बघितलं. बादली हातात तशीच धरून आला, वाकला, बोटाने भाकरीला टोचून बघितलं. "जोन्न रोट्टे!" एवढं मोठ्याने म्हणाला की गल्ल्यावरच्याने मान वर केली. कर्नूलला हेच, म्हणाला, आमच्याकडे हेच, इथे बंगळुरूत चौदा वर्षं झाली, सगळा भातच भात. आईला हिंदी येत नाही आणि बाबाईचं मी सांगितलंच, पण तिने अर्धी भाकरी तोडून त्याच्या हातावर ठेवली. तो पंगत सोडून भिंतीला टेकून उभा राहिला, बादलीतलाच थोडा पप्पू तिच्यावर घेतला आणि खायला लागला. लाइनमधले लोक बघतायत. कुणीतरी दह्यासाठी ओरडलं, त्याने भरल्या तोंडाने हात हलवला, थांब.

खाऊन झाल्यावर टॉवेलने तोंड पुसलं आणि आईच्या पानात पप्पू वाढायला लागला. एक पळी. दुसरी उचलली आणि विचारलं, "चाला?"

"चालू दे की भाऊ," आई म्हणाली.

बाबाई थांबला. पळी बादलीत ठेवली आणि हसत पुढच्या टेबलाकडे गेला.

आईने पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाकरी खाल्ली की माझी अर्धी," ती म्हणाली, "आन् एवढंच वाढलं होय?"